सापळे भरलेले, यादीत शून्य

पोळ्याची अमावस्या जवळ आली की आमच्याकडे कापूस लावलेला प्रत्येक जण एकच विचारतो, पतंग किती येऊन राह्यले? गुलाबी बोंडअळीचे पतंग या अमावस्येच्या आसपास जास्त अंडी घालतात, असं जुने शेतकरीही सांगतात आणि कृषी सहायकही. अळी बोंडात शिरली की बाहेरून पत्ता लागत नाही. फुलांत डोमकळी, म्हणजे न उमलता मिटून राहिलेलं फूल, दिसते, पण तीही शोधणाऱ्यालाच. २०१७ साली विदर्भातल्या कापसाचं जे झालं, ते विसरलेला शेतकरी मला अजून भेटलेला नाही.

पांढरकवड्याच्या बाजूला एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी आकड्यांचं काम बघतो. गावोगावच्या कृषी सखी सकाळी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे सापळे, उघडून पतंग मोजतात आणि मोबाइलवरच्या तक्त्यात भरतात. नेटवर्क मिळालं की त्या फायली आमच्या कार्यालयातल्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर येऊन पडतात. सापळ्यामागे रात्रीला ८ पतंग, तेही सलग तीन रात्री, ही नुकसानीची पातळी. ती ओलांडली की यादीत ते गाव लाल होतं आणि तिथल्या शेतकऱ्यांना संदेश जातो. ही यादी रोज संध्याकाळी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा लिनक्समधला प्रोग्राम, आपोआप काढतो. आम्ही कुणी बटणही दाबत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कार्यालयात मी आणि शिपाई दोघंच होतो. बाकीचे बैलांचे खांदे शेकायला आपापल्या गावी. दुपारी एका सखीताईचा फोन आला. नवीनच लागलेली पोरगी, आधीची सखी बाळंतपणाला माहेरी गेली म्हणून.

‘‘भाऊ, आमच्या गावाले यादीत हिरवं काहून दाखवून राह्यलं? सापळे तं भरून राह्यले ना! लोक मले इचारतात, तू मोजते का नुसती फिरते?’’

‘‘ताई, तुम्ही काल किती भरले?’’

‘‘एकात अकरा, एकात चौदा. परवाबी तसेच होते.’’

यादीत तिच्या गावापुढे शून्य होतं. मागच्या रात्रींनाही शून्यच.

अशा वेळी फाइल एक्सेलमध्ये उघडून आकडा हाताने बसवायचा मोह होतो. आमच्याकडे तसं करता येत नाही, आणि ते मुद्दाम ठेवलंय. आलेली प्रत्येक फाइल ‘कच्चे’ नावाच्या फोल्डरात जाते, तिथे तिची लिहिण्याची परवानगी काढून घेतली जाते आणि तिचा चेकसम, म्हणजे मजकूर बदलला तर लगेच कळवणारा ठसा, नोंदला जातो. बियाण्यासाठी राखलेली ज्वारी घरात कितीही ओढ असली तरी दळायला काढत नाहीत, तसं. पुढचं सगळं, म्हणजे तपासणी, जोडणी आणि यादी, स्क्रिप्ट म्हणजे आमचे छोटे प्रोग्रामच करतात. प्रत्येक स्क्रिप्टला कमांड लाइनवर गावाचा संकेतांक आणि तारीख द्यायची. तीच स्क्रिप्ट एका गावासाठी चालते आणि सगळ्या तालुक्यासाठीही. गावाचं नाव आम्ही वापरतच नाही, जनगणनेतला सहा अंकी संकेतांक वापरतो. बुद्रुक, खुर्द, बु., खु. आणि दर तालुक्यात एखादं वडगाव, एवढं ज्याने एकदा निस्तरलंय तो पुन्हा नावाच्या वाटेला जात नाही.

तिच्या गावाची फाइल पडद्यावर काढली. अकरा होते, चौदाही होते, पण ‘११’ आणि ‘१४’ असे. नव्या सखीच्या मोबाइलचा कीबोर्ड मराठी होता, म्हणून अंक देवनागरी आले. माणसाला त्यात काही खटकत नाही. मलाही पहिल्या नजरेत खटकलं नाही.

खरी गोम पुढे निघाली. महिन्याचा अहवाल काढणारी आमची दुसरी स्क्रिप्ट पायथन या संगणकभाषेत आहे. तीच कच्ची फाइल तिला दिली, तर तिने अकरा आणि चौदा बरोबर वाचले. एकाच फाइलवर दोन स्क्रिप्टची दोन उत्तरं! पायथनला युनिकोडमधले दशमान अंक कळतात, देवनागरीही. रोजची यादी काढणारी स्क्रिप्ट मात्र माझ्या आधीच्या माणसाने ऑक या जुन्या संगणकभाषेत लिहिलेली. ऑक मजकुराचा आकडा करताना सुरुवातीचे इंग्रजी अंक तेवढे बघतो. ते सापडले नाहीत की गुपचूप शून्य धरतो. ना चूक दाखवणार, ना थांबणार. रकाना रिकामा आहे का, ही तपासणी होती, पण रकाना रिकामा कुठे होता? मला विचाराल तर चालताना मोडणारी स्क्रिप्ट कधीही परवडली. ती निदान लॉगमध्ये ओरडते तरी.

दुरुस्ती ओळभराची. तपासणीच्या आधी सेडने, म्हणजे मजकुरात अदलाबदल करणाऱ्या कमांडने, देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक बसवायचे, दहाच्या जागी दहा. हाताने चालवली, चालली. पण क्रॉनच्या भरवशावर सोडण्याआधी मी स्क्रिप्ट एकदा क्रॉनसारख्या रिकाम्या वातावरणात चालवून बघतो, आणि तिथे सेड अडला. दोन्हीकडची लांबी सारखी नाही म्हणे. अक्षरं साठवायच्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा एक अंक तीन बाइटचा. भाषेची सेटिंग नसली की सेड अक्षरं न मोजता बाइट मोजतो, म्हणजे एकीकडे तीस आणि दुसरीकडे दहा. माझ्या टर्मिनलला भाषा ठरवून दिलेली असते, क्रॉनला कुणी दिलेली नव्हती. स्क्रिप्टच्या माथ्यावर भाषेची ओळ घातली आणि सेड सुटला.

त्याच्याखाली आणखी एक तपासणी टाकली. पतंगांच्या रकान्यात अंकांखेरीज काहीही असेल, तर ती फाइल बाजूला काढायची आणि गावापुढे शून्य न लिहिता ‘आकडा नाही’ लिहायचं. शून्य पतंग आणि माहीत नसलेले पतंग यांना एकाच रंगात दाखवणारी यादी शेतकऱ्याच्या काय कामाची?

मग हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या फायली पुन्हा चालवल्या. आधी कोरडी फेरी, म्हणजे काय बदलेल ते फक्त दाखवायचं, लिहायचं काही नाही. बदल या गावात दिसला, आणि मी ज्याची कल्पनाही केली नव्हती अशा आणखी एका गावात. तिथल्या सखीने काही दिवस मुलाचा मोबाइल वापरला होता. खरी फेरी सुरू असताना वीज गेली. आमचा इन्व्हर्टर पोळ्याच्या मूडमध्ये असावा. वीज आल्यावर तीच कमांड पुन्हा दिली. स्क्रिप्ट आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहिते आणि सगळं नीट झालं तरच तिचं नाव बदलून जुनीच्या जागी ठेवते. त्यामुळे अर्धवट यादी कुठे उरली नव्हती, आणि दुसऱ्यांदा चालवली म्हणून एकही नोंद दुप्पट झाली नाही.

नव्या यादीत पहिलं गाव लाल झालं. सलग तीन रात्री पातळीच्या वर. दुसरं पातळीच्या जवळ होतं, पण खालीच. संदेश गेले. पहिल्या गावातल्या कृषी सहायकांना मी वेगळा फोन केला, कारण सणाच्या संध्याकाळी मोबाइल कोण बघतं? त्यांनी सांगितलं, उद्या बैल मिरवून झाले की माणसं घेऊन शेतात उतरतो आणि आधी बोंडं फोडून बघतो, सरसकट फवारा मारायला सांगणार नाही. ते बरोबरच होतं. सापळा पतंग दाखवतो, बोंडातली अळी बोंडच दाखवतं.

शेवटी सखीताईला फोन लावला.

‘‘मंग भाऊ, आता मी आकडे इंग्रजीत टाकू का मराठीत?’’

‘‘जसे जमतात तसे टाका.’’

‘‘अन् यादी?’’

‘‘उघडून बघा, तुमचं गाव लाल आहे.’’

‘‘थांबा, सरपंचाले दाखवतो,’’ म्हणाली आणि फोन ठेवला.

तिची ती फाइल, गावाचा संकेतांक बदलून, मी चाचणीच्या फोल्डरात टाकली आहे. आता रोज संध्याकाळी यादीची स्क्रिप्ट आधी तिच्यावर चालते, आणि अकरा-चौदा आले नाहीत तर पुढे जात नाही.