शिल्लकेचं बाळंतपण

आमच्या मांजरीचं नाव शिल्लक. खाली पार्किंगमध्ये कुठलीशी मांजर व्याली होती. तीन पिल्लांपैकी दोन लोकांनी नेली, एक उरलं. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला उरलेल्याला दुसरं काय म्हणायचं सुचणार? पांढऱ्यावर काळे आणि तांबूस डाग. अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. पाच महिन्यांची झाली की ऑपरेशनला आणा, हेही तेव्हाच सांगितलं. मी मान डोलावली, आणि घरी येऊन म्हणालो, "अजून किती लहान आहे ती. संक्रांत होऊ दे."

संक्रांत झाली. त्यानंतर आठवड्याभरात शिल्लक रात्री विचित्र ओरडायला लागली. जमिनीवर लोळायची, मागचा भाग वर करून सरपटायची. मला वाटलं, पोटात दुखतंय. ओव्याचं पाणी द्यावं का, असं मी हिला विचारलंसुद्धा. ही हसली. "अहो, माजावर आलीय ती. खिडक्या लावा." मी सगळ्या खिडक्या लावल्या, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या खिडकी म्हणून मोजायच्या असतात हे ध्यानात आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईसाहेब परत आल्या, वाटीभर खाल्लं आणि माझ्या खुर्चीत झोपल्या.

तीनेक आठवड्यांनी शिल्लकेला मांडीवर घेऊन कुरवाळताना बायको एकदम थांबली. "आचळं बघा कशी गुलाबी झालीत." दवाखान्यात सोनोग्राफी झाली: किमान तीन. डॉक्टर म्हणाले, अजूनही ऑपरेशन करता येईल, मात्र गर्भही जाईल. मी बायकोकडे बघितलं, बायकोनं शिल्लकेकडे. विचार करून सांगतो म्हणून निघालो, आणि विचार करता करताच दिवस गेले. आधी तिला, मग आमचे.

मांजरीचं गरोदरपण साधारण 63 ते 65 दिवसांचं. मी वहीत मांडून बघितलं, तर नेमका मार्चअखेर येत होता. बायको म्हणाली, "बघा, जमतंय का तुम्हाला या वेळी."

हा टोला कशाचा, ते सांगायला हवं. थोरलीच्या वेळी ही रिवाजाप्रमाणे माहेरी, मिरजेला. 1988 साल, शाखेत फोन आला, 'मुलगी झाली'. मुलीला बर्फी वाटायची रीत, पण साताऱ्यात राहून कंदी पेढे सोडून बर्फी कोण वाटणार? मी पेढे वाटले आणि शनिवारी एसटीनं मिरज गाठली. धाकट्याच्या वेळी ही इथेच होती, पण तारीख होती 30 मार्च. ज्यांनी बँकेत नोकरी केलीय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी केली नाही त्यांना सांगून पटणार नाही. हिला अजून पटलेलं नाही.

तर या वेळी मी मनावर घेतलं. गाभण मांजरीला पिल्लांसाठी मिळणारं खाणंच द्यायचं, त्यात ताकद जास्त असते. दूध नको, मोठ्या मांजरांना गाईचं दूध बहुतेक पचत नाही, जुलाब होतात. आपण पिढ्यान्‌पिढ्या मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणत आलो, तिच्या पोटाची चौकशी कुणी केलीच नाही. शेवटच्या आठवड्यांत उकडलेलं चिकनही सुरू केलं. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे गच्चीत एक बर्नर आणि एक जर्मनचं पातेलं एवढा वेगळा संसार मांडला. चिकनवाल्यानं पहिल्या दिवशी आदबीनं मसाल्याचं पाकीट पुढे केलं. मी म्हटलं, "बाळंतिणीसाठी आहे, मसाला नको." त्यानं मग दुसरं काही विचारलं नाही.

बाळंतपणासाठी फ्रीजचं रिकामं खोकं आडवं कापून कोपऱ्यात ठेवलं, आत जुनी सुती नऊवारी घडी घालून. शिल्लकेनं एकदा वास घेतला आणि माझ्या कपड्यांच्या कपाटात जाऊन बसली. खोकं कपाटाशेजारी सरकवलं, तेव्हा कुठे पसंत पडलं.

मार्चअखेर कोरडाच गेला. 2 एप्रिलला तिनं सकाळपासून खाल्लं नाही. मला चिकटून फिरत होती. मी उठलो की ओरडायची. रात्री अकरानंतर खोक्यात शिरली. पुस्तकी ज्ञान मी पाठ केलं होतं: जोरात कळा देऊनही अर्धा तास पिल्लू येत नसेल तर डॉक्टरांना गाठायचं. मी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. पहिलं पिल्लू आलं ते पिशवीसकट. मी हात पुढे केला, तर बायकोनं मनगट धरलं. "तिला कळतंय." शिल्लकेनं पिशवी फाडली, नाळ तोडली, वार खाऊन टाकली आणि पिल्लाला चाटून चाटून असं उलटंपालटं केलं की ते बारीक आवाजात ओरडलं. कुणी शिकवलं? वय पुरतं आठ महिने नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये पाऊण तास गेला. ती धापा टाकत होती, मला घाम फुटला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आपली थोरली किती वाजता झाली गं?"

"पत्रिकेत आहे की. पहाटे चार दहा."

थोड्या वेळानं म्हणाली, "कळा आदल्या दिवशी दुपारी बारापासून होत्या. ते पत्रिकेत नसतं."

मी काही बोललो नाही. तिसरं आलं, पाठोपाठ चौथं. ही उठून चहा करायला गेली, तेव्हा मीही मागून गेलो आणि आलं किसून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी वजनाचं खातं उघडलं. स्वयंपाकघरातला काटा, वाडग्यात पिल्लू. जन्मतः शंभराच्या आसपास ग्रॅम, आणि रोज दहाएक ग्रॅमची भर पडली पाहिजे. चौघांची खतावणी रोज सकाळी आठला. एक तांबूस, दोन काळपांढरी, एक चक्क राखी पट्ट्यांचं. एकाच वेतात पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे मी वाचलं होतं. बायकोला सांगितलं नाही. पाचव्या रात्री तीच म्हणाली, "आज सटवाई येणार नशीब लिहायला. वही-पेन तुम्ही ठेवलेलंच आहे." सटवाई म्हणजे षष्ठीदेवी, आणि तिचं वाहन मांजर, तेव्हा स्वतःच्या वाहनाकडे तरी ती जरा सढळ हातानं लिहीत असेल.

दहाव्या दिवशी डोळे उघडू लागले. बाराव्या दिवशी शिल्लकेनं पहिलं घर बदललं. मांजर सात घरं फिरवते म्हणतात. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यामुळे ती कपाटातले कप्पेच बदलत राहिली. तिसऱ्या कप्प्यात माझा निवृत्तीच्या समारंभाचा कोट होता. आता तो तिचाच आहे.

दोन महिने पूर्ण झाल्यावर पिल्लं दिली. दोन एका घरात, एक वरच्या मजल्यावर. राखी पट्टेवालं राहिलं. त्याचं वजन मी अजून लिहितो. दूध आटेपर्यंत शिल्लकेला खिडकीच्या बाहेर नाक काढू दिलं नाही, कारण पाजत असतानाही मांजरीला पुन्हा दिवस राहू शकतात, आणि माझा अंदाजपत्रकावरचा विश्वास उडाला होता. बाथरूमला जाळी मी स्वतः ठोकली.

जूनअखेरीस ऑपरेशन झालं. या वेळी तारीख मी पुढे ढकलली नाही. दवाखान्याच्या बाकावर सकाळी दहापासून बसून होतो. दोनदा घरी जा म्हणाले, गेलो नाही. संध्याकाळी टोपलीतून तिला घरी आणली. पोटावरचे केस काढलेले, गळ्यात प्लास्टिकची भोंग्यासारखी पट्टी, चाल झिंगलेली. टोपलीचं झाकण उघडलं तसं मी "ये गं" म्हणून मांडी पसरली. ती माझ्या मांडीला वळसा घालून सोफ्यावर हिच्याजवळ गेली आणि भोंगा हिच्या कुशीत खुपसून पडून राहिली. हिनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चहा टाका."