शांत बाळ

"फार शहाणं आहे हो बाळ, रडतच नाही," आजी कौतुकानं सांगत होत्या. गरोदरपणाच्या ३५ आठवड्यांनीच जन्मलेलं बाळ, चौथ्या दिवशी तपासणीला आणलेलं. जन्माचं वजन २२५० ग्रॅम. सगळे कपडे काढून काट्यावर ठेवलं तर १९८० भरलं. म्हणजे १२ टक्के घट. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच, पण घट १० टक्क्यांच्या पुढे गेली की डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी बाळ घरी जाऊ देत नाही.

लंगोटावर विटकरी डाग होता. आई तो रक्ताचा समजून घाबरली होती. लघवी घट्ट झाली की त्यातले युरेट नावाच्या क्षाराचे कण असे दिसतात. पहिल्या एक-दोन दिवसांत दिसले तर चालतं, चौथ्या दिवशी दिसले तर दूध पोटात जात नाहीये. शी अजून काळपटच होती, एव्हाना ती पिवळी व्हायला हवी. २४ तासांत ओले लंगोट फक्त दोन, निदान चार हवेत. काखेतलं तापमान ३६.१ अंश, ३६.५च्या खाली जायला नको.

"पण सिस्टर, दूध तर वाहून जातंय, कपडे भिजतात!" आई म्हणाली. तिचं खरं होतं. स्तन दगडासारखे झाले होते. दूध भरपूर, ओढणाऱ्यात ताकद नाही. चार-पाच आठवडे आधी आलेलं बाळ दिसतं पूर्ण दिवसांच्या बाळासारखं, पण चार घोट ओढून दमतं आणि झोपतं. भूक लागली तरी त्याला जाग येत नाही. त्यात कमी दुधानं ते आणखी मलूल होतं. घरच्यांना वाटतं, पोट भरलं.

मलूल बाळाला जंतुसंसर्गही असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आधी तो तपासला. तो नव्हता. रक्तातली साखर ठीक होती, कावीळ दिव्याखाली ठेवण्याइतकी नव्हती, रक्तातलं सोडियम मात्र वाढून १५१ झालं होतं, म्हणजे शरीरातलं पाणी कमी झालं होतं.

बाळाला टोपी घालून, फक्त लंगोटावर, आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं. तासाभरात तापमान ३६.७ झालं. तोवर दूध काढायला घेतलं. स्तन इतका ताठलेला असला की काळा भाग बाळाच्या तोंडात मावत नाही. म्हणून बोंडाभोवती बोटांची टोकं ठेवून मिनिटभर आत, छातीकडे दाबून धरली. तो भाग मऊ पडला. मग अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून तीनेक सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग चिमटीत घ्यायचं, सोडायचं. आई बोटं कातडीवरून पुढे घसरवत होती. त्यानं दूध येत नाही, नुसतं सोलवटतं. हात बदलला आणि पाचव्या-सहाव्या दाबाला धार लागली.

दर दोन तासांनी २२ मिली ठरलं. आधी दहा मिनिटं अंगावर, मग काढलेलं दूध वाटी-चमच्यानं. हनुवटी स्तनाला टेकलेली, तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हे बघायचं. आणि कान द्यायचा. गिळल्याचा हलका "क्हं" ऐकू येत नसेल तर बाळ नुसतं चोखतंय. ओढणं थांबलं की आईनं स्तन हातानं दाबून धरायचा, तोंडात दूध आलं की ते पुन्हा गिळू लागतं. तळपाय चोळून उठवण्यापेक्षा हा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो.

आजींनाच तक्ता दिला: वेळ, किती मिली, लघवी, शी. त्यांनी एकही रकाना चुकवला नाही. दुसऱ्या दिवशी वजन २०१० झालं, सोडियम उतरायला लागलं, शी पिवळी झाली. तिसऱ्या रात्री ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी वॉर्डातून रडण्याचा आवाज आला. आजी धावत आल्या, "सिस्टर, रडतंय!" मी घड्याळ बघून तक्त्यात वेळ लिहिली.