पेन्सिलीतले वाचक

आमच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एकच कपाट आहे, तेही जिन्याखाली. त्यातलं अगाथा ख्रिस्तीचं 'द बिग फोर' परवा घरी आणलं. उघडलं, तर पहिल्याच कोऱ्या पानावर निळ्या बॉलपेनात लिहिलेलं : 'वेळ फुकट. यात आपला पॉयरो नाही.' त्याखाली पेन्सिलीत, बारीक तिरप्या अक्षरात : 'असहमत. एका रात्रीत संपवले.' आणि त्याखाली तिसऱ्याच कुणाचं तरी एवढंच : 'मिशी!!!'

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मला पटतं. पण लिहिलेलं असलं की मी आधी तेच वाचतो.

मला त्या शेऱ्यातला 'आपला' हा शब्द आवडला. बेल्जियमचा हा बुटका, अंड्यासारख्या डोक्याचा गुप्तहेर मुळात आपला झाला कधी? 1920 ते 1975 अशी पंचावन्न वर्षं आणि 33 कादंबऱ्या तो येत राहिला, म्हणून झाला असेल. इतकी वर्षं येणारा माणूस पाहुणा राहत नाही. त्याची बसायची जागा ठरते, चहात साखर किती हे ठरतं. पॉयरोच्या गोष्टीत एरवी सगळी मंडळी दिवाणखान्यात बसलेली असतात आणि हा मधे उभा राहून, मिशीवर बोट फिरवत, एकेकाची लक्तरं काढतो. वाचक त्यासाठीच आलेला असतो.

'बिग फोर'मध्ये तो दिवाणखाना जवळजवळ नाहीच. जग ताब्यात घ्यायला निघालेली एक चौकडी आहे : चिनी सूत्रधार, अमेरिकन कोट्यधीश, फ्रेंच शास्त्रज्ञ बाई आणि वेष पालटण्यात तरबेज असा चौथा मारेकरी. अपहरणं आहेत, स्फोट आहेत, डोंगराच्या पोटात गुप्त अड्डा आहे. सिगारेटीत विषारी बाण लपवून पॉयरो समोरच्याला धमकावतो. (तो चिनी सूत्रधार तर पुस्तकभर प्रत्यक्ष दिसतच नाही. चिनी आहे म्हणजे कारस्थानी असणारच, एवढ्या भांडवलावर त्याचं काम चालतं. आज ते वाचताना अवघडायला होतं.) शेवटी शेवटी पॉयरो मेल्याचं सोंग करतो. त्याचा मित्र, बिचारा हेस्टिंग्ज, खरंखुरं दुःख करतो. मग पॉयरो स्वतःचाच जुळा भाऊ बनून येतो आणि त्या सोंगासाठी चक्क मिशी उतरवतो. आपल्याकडे मिशी उतरवायला घरात काहीतरी घडावं लागतं. इथे तर गड्याने स्वतःच्याच मरणाचं सुतक पाळलं. तीन उद्गारचिन्हांचा उलगडा मला तिथे झाला.

(पुस्तक 1927चं आहे. शंभर वर्षं होत आल्यावर रहस्य फोडलं म्हणून कुणी माझ्यावर रागावू नये.)

बॉलपेनवाल्यांचा राग मला समजतो. याच्या आदल्याच वर्षी, 1926मध्ये, ख्रिस्तीबाईंनी रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची ती गाजलेली गोष्ट दिली होती. तिच्यानंतर हे असलं गबाळं ठिगळकाम कसं? तर ते खरोखरच ठिगळकाम आहे. 1924मध्ये 'द स्केच' साप्ताहिकात आलेल्या बारा गोष्टी जोडून, शिवून हे पुस्तक झालं. शिवायला धाकटा दीर मदतीला होता. कारण 1926 हे बाईंचं वर्षच तसं होतं. आई गेली, नवरा दुसरीच्या प्रेमात पडला आणि डिसेंबरात त्या स्वतःच अकरा दिवस बेपत्ता झाल्या. सगळं इंग्लंड त्यांना शोधत होतं. पुढच्याच महिन्यात हे पुस्तक बाजारात आलं आणि चांगलं खपलंही. स्वतः बाईंना मात्र ते कधी फारसं आवडलं नाही. म्हणजे बॉलपेनवाल्यांचा पक्ष तसा भक्कम आहे.

तरीही माझं मत हळूहळू पेन्सिलीकडे झुकत गेलं. त्या धावपळीच्या मधेच एका खेड्यात खून होतो आणि पॉयरोच्या डोळ्यांत काय भरतं, तर स्वयंपाकघरातली मटणाची तंगडी. ती गोठवलेली का? त्या एका 'का'वरून तो खाटकाच्या पोऱ्याचं सोंग घेऊन उजळ माथ्याने दारातून शिरलेल्या खुन्यापर्यंत पोचतो. पुढे बुद्धिबळाचा डाव येतो. तिसऱ्या खेळीला पांढरा उंट हलवून अमेरिकन खेळाडू जागच्या जागी मरतो. पॉयरो त्या डावातले दोन्ही पांढरे उंट मिळवून तराजूत घालतो. एक जड! आत धातूची कांडी आणि पटाखालून वीज. इथे समासात पेन्सिल म्हणते : 'उंट!! वा!' बॉलपेन गप्प आहे. मला वाटतं, इथे त्यालाही बोलायला काही सुचलं नसावं.

आणि तो वेष पालटणारा चौथा? त्याला नाक बदलता येतं, दात बदलता येतात, चाल बदलता येते. पण जेवताना पावाच्या तुकड्याने टेबलावरचे कण टिपत बसायची सवय काही जात नाही. त्या ओळीपाशी आणखी एक अक्षर, बहुधा एखाद्या काकूंचं : 'आमचे हे पण!'

माझ्या काकांना मी पुस्तकाची गोष्ट सांगितली. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर ते वाढले. त्यांना भांडणाचा मुद्दाच कळेना. "भुयार आहे, स्फोट आहे, वेषांतर आहे. मग तक्रार कशाची?" त्यांच्या मते नुसती प्रश्न विचारत फिरणारी बाकीची पुस्तकंच मिळमिळीत.

मीही शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहिली. पुस्तक परत करायला गेलो तर ग्रंथपालबाईंनी सवयीने पानं फिरवली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हे सगळं तुमचं?"

"एकच ओळ माझी, मॅडम."

त्यांनी खणातून खोडरबर काढून पुढे सरकवला. "मग बसा तिथे. पेन्सिलीचं सगळंच खोडा, कुणाचं का असेना. पुढच्यांना स्वच्छ मिळू दे."

बाकावर बसून मी माझी ओळ खोडली. काकूंची खोडली. 'एका रात्रीत संपवले' खोडताना जरा जिवावर आलं. मिशीही गेली, ती पेन्सिलीचीच होती. बॉलपेनचं मात्र काही करता येईना. पुढच्या वाचकाला पहिल्या पानावर आता तेवढंच दिसणार : 'वेळ फुकट. यात आपला पॉयरो नाही.'

उंटाजवळचा शेरा मी तसाच ठेवला. बाईंचं लक्ष तेव्हा फोनकडे होतं.