आमची वाटचाल : काळ्या खडीवरून पांढऱ्या खडीवर

ठाण्यात चरईतल्या आमच्या गाळ्याच्या पाटीवर अजूनही ‘सायकल दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय. माणूस येतो, पंक्चर काढून घेतो, ब्रेकची तार बदलून घेतो आणि जाता जाता भिंतीवरचा नकाशा बघून विचारतो, “दादा, हे कुठलं?” तो युरोपातल्या स्लोव्हेनियाचा पश्चिम भाग. चुनखडीचे डोंगर, दाट जंगल आणि त्यातून जाणारे खडीचे पांढरे रस्ते. वर्षातून थोडे दिवस आम्ही तिथे गट घेऊन जातो. गाळ्याचं भाडं मात्र आजही पंक्चर आणि सर्व्हिसिंगवरच निघतं, हे आधीच सांगितलेलं बरं. ‘परदेशी सहली’ म्हटलं की सोसायटीतल्या लोकांना आमच्याकडे पैशांचा पाऊस पडतो असं वाटतं.

मी मूळचा वागळे इस्टेटमधला टूलरूम फिटर. कारखाने एकेक करून उठले, तिथे काचेच्या इमारती आल्या, तेव्हा मेहुण्याला सोबत घेऊन हा गाळा घेतला. आधी शाळकरी पोरांच्या सायकली, मग गिअरच्या. २०२० च्या टाळेबंदीनंतर अख्ख्या ठाण्याला सायकल हवी होती आणि विकायला माल नव्हता. त्यातल्या बऱ्याचशा सायकली पुढे बाल्कनीत कपडे वाळवायच्या कामी आल्या. जे टिकले ते पहाटे येऊरच्या डोंगरावर जाणारे. त्यांचं रडगाणं एकच : येऊर झालं, पुढे कुठे? घोडबंदर रोडला ट्रेलर, मुंब्रा बायपासला कंटेनर.

म्हणून आम्ही टेम्पोत सायकली टाकून पहाटे निघायला लागलो. शहापूर, डोळखांब, बारवी धरणाच्या मागची बाजू. डांबर संपून मुरूम लागला की साध्या रेसिंग सायकलचं बारीक चाक रुततं. ग्रॅव्हल सायकल म्हणजे खडीच्या रस्त्यासाठीची. तिचं हँडल रेसिंगसारखंच वाकडं. पण टायर ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, आत ट्यूबऐवजी सीलंट म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, डिस्क ब्रेक आणि चढाला हलके गिअर. हवा थोडी कमी ठेवली की दगड हाताला कमी लागतात. लोक आधी ‘किती किलोमीटर झाले’ विचारायचे, मग ‘आज गाड्या किती दिसल्या’ विचारायला लागले. आमचा धंदा खरा तिथून वळला. आपण किलोमीटर विकत नाही, शांत रस्ता विकतो, हे मला गिऱ्हाइकांनी शिकवलं.

स्लोव्हेनियाचं वेड एका गिऱ्हाइकामुळे लागलं. त्यांची मुलगी तिकडे शिकायला होती, तिने फोटो पाठवले. मी आकडे बघितले : अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण २१ लाख, आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची १८ लाखांच्या वर. देशाचा निम्म्याहून जास्त भाग जंगल, आणि त्या जंगलात लाकूड वाहून आणायला केलेले खडीचे रस्ते. मेहुणा म्हणाला, “भावजी, हे आपलंच काम आहे.”

पण आपली सह्याद्रीतली अक्कल तिथे चालत नाही. आपला दगड काळा, लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात टाकं खोदलं की पाणी राहतं, म्हणून तर आपल्या गडांवर भर उन्हाळ्यात टाक्यांत पाणी सापडतं. तिकडचा दगड समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा थर साचून झालेला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि हा दगड विरघळवत खाली उतरतं. पाऊस भरपूर, झाडं हिरवीगार, आणि पठारावर सायकल घेऊन तासन्‌तास फिरलात तरी ओढा दिसत नाही. रेका नदी श्कोत्स्यानच्या गुहेत शिरते आणि तीसेक किलोमीटर जमिनीखालून जाऊन थेट इटलीच्या हद्दीत वर येते. त्सेर्क्निश्को येझेरो नावाचं तळं पावसात भरतं, तेव्हा मैलोन्‌मैल पाणी. कोरड्या उन्हाळ्यात तिथे गवत कापतात. गावातल्या जुन्या घरांतून छपराचं पाणी साठवायला अंगणात दगडी हौद बांधलेले दिसतात.

म्हणजे तिथे वाट शोधणं सोपं, पाणी शोधणं अवघड. आमच्या नकाशावर निळ्या पिना जास्त आहेत त्या यासाठी. दुकानं रविवारी बंद असतात, २०२० पासून तिकडे कायदाच आहे. मग उरतो गावाच्या कडेच्या दफनभूमीतला नळ. फुलांना पाणी घालायला तो बहुतेक ठिकाणी असतो. पाणी पिण्याजोगं नाही अशी पाटी नसेल तरच बाटली भरायची. आमच्या एका काकूंनी पहिल्यांदा साफ नकार दिला, “स्मशानातलं पाणी मी पिणार नाही.” दुपारच्या चढानंतर त्यांनीच सगळ्यांच्या आधी बाटली पुढे केली.

आमचा मुख्य रस्ता तर्नोव्स्की गोझ्द या पठारावरचा. खाली विपावा खोऱ्यात ‘बुर्या’ नावाचा वारा सुटतो, जोर असला की ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणून जुन्या घरांच्या छपरांवर दगड ठेवलेले. त्याचा अंदाज असेल त्या दिवशी आम्ही चढत नाही, मग कोणी कितीही तोंड वाकडं करो. वर जंगलात पारादाना नावाची बर्फाची गुहा आहे. थंड हवा खाली खड्ड्यात साचून राहते, त्यामुळे तिथे झाडांचा क्रम उलटा : वर उंच वृक्ष, खाली उतराल तशी खुजी झुडपं. एकोणिसाव्या शतकात इथला बर्फ कापून ट्रिएस्ट बंदराला नेत. भर जूनमध्ये तिथल्या काठावर उभं राहिलं की घामेजलेला टीशर्ट पाठीला गार चिकटतो.

सोचा नदीच्या बाजूला १९१५ ते १९१७ अशी इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची लढाई चालली. तोफा आणि खेचरं वर चढवायला सैन्याने काढलेले रस्ते आज आमच्या कामी येतात. चढ बेतशीर, वळणं मोठी. व्र्शिच खिंडीचा रस्ताही त्याच काळातला, रशियन युद्धकैद्यांच्या हातून झालेला. उंची १६११ मीटर, वळणं ५०, प्रत्येकाला नंबर. प्रत्येक गिऱ्हाइकाला तिथे फोटो हवा असतो. मी ऑगस्टमध्ये तिथे गट नेत नाही. मोटारसायकलींचा आवाज ऐकायचा असेल तर तीन हात नाका काय वाईट आहे? जून किंवा सप्टेंबर, आणि तेही उजाडताना.

नियमांचंही तसंच. जंगलातल्या खडीच्या रस्त्यांवर सायकल चालते. लाल वर्तुळात पांढरा ठिपका दिसला की ती चालणाऱ्यांची वाट, तिथे सरसकट सायकल घालायची नाही. आपल्याकडचे काही वीर “कोण बघतंय” म्हणतात. त्यांना आम्ही पुढच्या वर्षी घेत नाही.

यंत्राची गोष्ट सांगायलाच हवी, माझा तो प्रांत. चुनखडीची धूळ कोरडी असते तोवर झटकली जाते. पाऊस आला की तिचा पांढरा चिखल चेनमध्ये शिरतो आणि वाळला की भिंतीच्या पुट्टीसारखा घट्ट बसतो. ब्रेक पॅड बघता बघता झिजतात. म्हणून चेनला तेलाऐवजी मेण, आणि रात्री मुक्कामाला पोचल्यावर आंघोळ आधी सायकलची.

एकदा एका विमान कंपनीने आमच्या खोक्यावर काय रचलं देव जाणे, मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, हँगर वाकून आला. डिरेलर फ्रेमला याच्यावर टांगलेला असतो. हा ॲल्युमिनियमचा तळहाताएवढाही नसलेला तुकडा, प्रत्येक फ्रेमला वेगळा, तिथल्या दुकानात तोच मिळेल याची खात्री नाही. तेव्हापासून वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मित्राच्या मिलिंग मशीनवर मी प्रत्येक सायकलच्या मापाचे सुटे हँगर कापून घेतो. टूलरूममधली मायक्रोमीटर धरायची सवय अशी उपयोगी पडली.

व्हिसाची कागदपत्रं, विमा, घरगुती मुक्कामांशी पत्रव्यवहार हे सगळं बायको बघते. गिऱ्हाइकं मला विचारण्याआधी वहिनींना विचारतात. गटात आठाच्या वर माणसं घेत नाही. मेहुण्याचं म्हणणं, बारा घेतली तर व्हॅनचा खर्च सुटेल. त्याचं गणित बरोबर आहे, पण बारा सायकली अरुंद रस्त्यावर गेल्या की आपणच गर्दी होतो. हा वाद दर दिवाळीला हिशेबाच्या वह्यांबरोबर निघतो.

यंदा सप्टेंबरचा गट आहे. त्याआधी पावसाळाभर रविवारी डोळखांबच्या बाजूला सराव; टेम्पो चरईतून पहाटे साडेचारला सुटतो, पाच मिनिटंही थांबत नाही. यायचं असेल तर सायकल आधी गाळ्यावर आणा, हँगरचं माप घ्यायचंय.