काय काम काढलं?

पहिल्यांदा हा प्रश्न आला तो सोलापूरजवळच्या कारंब्याच्या पुढे, एका द्राक्षबागेच्या बांधावरून. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेसात. मी सायकल बांधाला टेकवून पाणी पीत होते. बागेतून एक आजोबा बाहेर आले. त्यांनी आधी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत सायकलकडे.

"काय काम काढलं बाई इकडं?"

"काही नाही, सहज."

"सहज?" आंबट मणी दाताखाली यावा तसं त्यांचं तोंड झालं. "सहज म्हंजे सर्वे का?"

गेल्या दोन हिवाळ्यांत या रस्त्यांवर मी आशाताई झालेय, अंगणवाडीची सुपरवायझर झालेय, बचत गटाच्या मॅडम झालेय. जनगणनेच्या बाई तर किती वेळा, मोजलं नाही. एकदा वसुलीची बाईही झाले. त्या दिवशी बागेच्या तोंडाशी थांबले, तर आतला माणूस झपकन वेलीत शिरला आणि त्याची बायको पुढे येऊन म्हणाली, "मालक गावाला गेल्यात." मांडवाखाली मालकांचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत स्पष्ट दिसत होते. मी बँकेची नाही हे कसं सांगावं कळेना, म्हणून "बरं, मग येते" म्हणाले. त्यानं तर ती जास्तच घाबरली.

चूक त्यांची नाही. आमच्या सोलापुरात सायकल ही मुळात कामाची वस्तू. माझे वडील गिरणीत होते. भोंगा झाला की आमच्या गल्लीतून काळ्या सायकलींची रांग निघायची, प्रत्येकीच्या हँडलला डबा. सुट्टीच्या दिवशी वडिलांची सायकल भिंतीला टेकलेली असे आणि तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. "तिला पण सुट्टी हाय," म्हणायचे. माणूस आपल्या मजेसाठी सायकलवर बसून बारा कोस जाईल आणि तसाच परत येईल, हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला कुणाला तरी दाखवायला नेलं असतं.

मला हा नाद लावला लेकीनं. ती जर्मनीत असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिनं चार दिवसांचा बेत आधीच ठरवून ठेवला होता: मोझेल नदीच्या खोऱ्यातून, द्राक्षबागांमधून सायकलनं. "आई, सगळा रस्ता वाहनमुक्त आहे," हे तिनं मला तीनदा सांगितलं. अगदीच सगळा नव्हता, मध्येमध्ये गावातले रस्ते लागले, पण बराचसा होता.

पहिल्या दिवसाचा रस्ता तर मजेशीर. डाऊन नावाच्या गावापासून खाली नदीकाठच्या बेर्नकास्टेल-कूसपर्यंत, साधारण ५८ किलोमीटर. हा पूर्वीचा आगगाडीचा मार्ग. गाडी बंद पडली, रूळ काढले, त्या जागी डांबर घातलं आणि सायकलींना देऊन टाकला. मधले बोगदे आणि पूल तसेच. आगगाडीला चढ झेपत नाही म्हणून रूळ बेताबेतानं उतरवलेले असतात, त्याचा फायदा माझ्या गुडघ्यांना झाला. बोगद्यात शिरताना मला आमची बार्शी लाइट आठवली. १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीहून, बार्शीला निघालेली ती अडीच फुटी रुळांची गाडी. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पसरली. तिचं मात्र ब्रॉडगेज झालं. म्हणजे गाडी राहिली, आणि सायकलवाल्यांच्या वाट्याला काही आलं नाही. आषाढीला जाणाऱ्यांच्या दृष्टीनं झालं ते उत्तमच.

नदीकाठाला लागल्यावर तीन दिवस एकच चित्र. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला डोंगर, आणि त्या डोंगराच्या अंगावर खालपासून वरपर्यंत वेली. चढ किती असावा? ब्रेम नावाच्या गावाजवळच्या उतारावर काही ठिकाणी ६० अंशांच्या वर. तिथे माल वर-खाली न्यायला एका रुळावरची छोटी गाडी असते, मिरच्या वाळत घालायच्या तारेइतकी बारीक दिसते लांबून. मला वाटलं होतं, हौस म्हणून लावली असतील एवढ्या कड्यावर. पण त्यात हिशेब आहे. तो प्रदेश थंड. कडा सूर्याकडे तोंड करून उभा, जमिनीत काळी पाटीची फरशी, ती दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते. म्हणजे तिथल्या शेतकऱ्याची सगळी धडपड ऊन गोळा करायची.

आमच्याकडे ऊन कुणालाही हवं तेवढं, फुकट. आमची धडपड पाण्याची.

म्हणून आमच्या द्राक्षबागा नदीला टेकून बसत नाहीत. नदीकाठच्या काळ्या रानात ऊस असतो. द्राक्षं वर माळावर, मुरमाच्या हलक्या जमिनीत, बोअरच्या आणि शेततळ्याच्या पाण्यावर, ठिबकच्या नळीला तोंड लावून जगतात. वेलीच्या पायाशी पाणी साचलेलं तिला सोसत नाही आणि हवा कोरडी असली की डावणी-भुरी या रोगांचा ताप कमी. मोझेलची वेल थंडीत पानं टाकून झोपते, वर्षातून एकदा छाटली की झालं. आमची झोपतच नाही. म्हणून एप्रिलात तिची खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. दोनदा कात्री खाते बिचारी, आणि मग जानेवारीपासून पुढे कधीतरी तो घड येतो, जो आपण गाड्यावर "गोड आहेत का?" विचारत दोन मणी फुकट खाऊन घेतो.

नान्नजला पोचले की मी दर वेळी सायकलवरून उतरते. चहासाठी, हे खरं कारण. पण गावाचा मानही आहे. बाजारात आपण 'सोनाका' म्हणून लांबट सोनेरी द्राक्ष घेतो, ते या गावचं. इथल्या नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन जातीच्या द्राक्षबागेत वेगळी निघालेली काडी हेरली आणि वाढवली. नाव कसं? सोलापूर, नान्नज, काळे: सो-ना-का. मी हे लेकीला सांगितलं तेव्हा तिला वाटलं मीच रचलं. 'शरद सीडलेस' हे काळं द्राक्षही काळ्यांच्याच बागेतलं. मोझेलकाठी गावोगाव वाइनचे पेले पुढे करतात. नान्नजला कागदाच्या तुकड्यावर मूठभर बेदाणा मिळतो. चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा. शेडमधल्या जाळ्यांवर पंधराएक दिवस ती सावलीत सुकत पडलेली असतात, आणि शेडजवळून सायकल गेली की जो गोडसर, किंचित आंबूस वास येतो तो मला कुठल्याही पेल्यापेक्षा आवडतो. (पेलाही आवडला होता. लपवायचं कशाला?)

गावाबाहेर माळढोक पक्ष्याचं अभयारण्य. १९७९ मध्ये घोषित झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. इतकं मोठं की त्यात गावंच्या गावं आली. पुढे कमी करून १,२२२ वर आणलं. मला माळढोक कधी दिसला नाही. काळवीट दिसतात. सकाळच्या उन्हात गवतातून उड्या मारत रस्ता ओलांडतात आणि पलीकडे थांबून वळून बघतात. तेवढेच एक, जे काही विचारत नाहीत.

वाहनमुक्त म्हणाल तर आमच्याकडेही रस्ते आहेत, आम्ही त्याला पाणंद म्हणतो. नकाशात ती ऐसपैस असते. प्रत्यक्षात दोन्हीकडचे शेतकरी दरवर्षी नांगराची एकेक रेघ आत सरकतात, आणि शेवटी एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढी उरते. सायकलला तेवढी पुष्कळ. अडचण सराट्याची. काटा एवढासा, पण कसाही पडला तरी एक टोक वर ठेवूनच पडतो. मोझेलला चार दिवसांत एकदाही हवा गेली नाही. इथे पहिल्याच महिन्यात पाच पंक्चर. एकदा बोअरपाशी बसून मी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते, तर मजुरीला आलेल्या सहा बायका भोवती गोल करून बसल्या. त्यांतल्या एकीनं बुडबुडा माझ्याआधी पाहिला. ठिगळ लावेपर्यंत मला किती मुलं, नवरा काय करतो, त्यानं सायकल घेऊ कशी दिली, हे सगळं झालं. मोझेलकाठी समोरून येणारा प्रत्येक जण "मॉर्गेन" म्हणून पुढे जायचा. पहिले दोन दिवस मला ते फार आवडलं. तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं की मी दिसतेय का यांना?

एक गोष्ट मात्र त्यांची हजार वेळा घ्यावी. तिथे दर गावाला बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह होतं. इथे मी घरून निघताना किती घोट पाणी प्यायचं ते मोजते. यावर जास्त लिहीत नाही. बायका समजतील.

नदी पाहायची तर वाट वेगळी, मंगळवेढा रस्त्यानं तिऱ्ह्याकडे, सीनेवर. सीना म्हणजे मोझेल नव्हे. वर्षातले कित्येक महिने ती बंधाऱ्यांपुरती नदी असते, मधे नुसते दगड आणि वेड्या बाभळी. पण २०२५ च्या सप्टेंबरात तिनं पुण्याचा, विजापूरचा आणि हा मंगळवेढ्याचा, असे सोलापूरचे तीन-तीन रस्ते बंद पाडले होते. अजून बाभळींच्या शेंड्यांना, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, चिंध्या आणि ठिबकच्या नळ्या लोंबताना दिसतात. त्यांच्याखालून सायकल नेताना मी घंटी वाजवत नाही. का, ते माहीत नाही. काठाच्या उसाचा फड तुटायला लागला की तिकडे जायचं बंदच, कारण दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून येणाऱ्या ट्रॅक्टरला पाणंद काय आणि हमरस्ता काय, सारखंच.

तर, ते "काय काम काढलं".

या फेब्रुवारीत कारंब्याच्या त्याच बांधावर आजोबांऐवजी आजी उभ्या होत्या. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. "नान्नजकडंच चाललाव न्हवं? आमचं म्हातारं शेडवर हाय. जाता जाता एवढं द्या." मी कॅरिअरला गाठोडं अडकवलं आणि सात किलोमीटर नेऊन दिलं. आजोबांनी गाठोडं ओळखलं, मग मला ओळखलं. "हां! असं सांगायचं की मग," म्हणाले. सर्वेचं कोडं त्यांच्यापुरतं सुटलं.

पुढच्या शनिवारी रात्री फोन. नंबर त्यांनी कुठून मिळवला, देव जाणे. उद्या येणार असाल तर फवारणीच्या पंपाचं वायसर आणा, नमुना नातवानं फोटोत पाठवलाय. मग कुणाच्या ब्लाउजची अस्तरं, कुणाची बीपीची गोळी. परवा तर आजींच्या चष्म्याची काडी तुटली, ती बसवून आणायला दिली.

आज सकाळी तो चष्मा रुमालात गुंडाळून निघाले. गुळवंचीच्या अलीकडे मेंढरांचा कळप रस्ताभर. मेंढका नवा होता. काठी आडवी धरून त्यानं मला आपादमस्तक पाहिलं.

"काय काम काढलं, ताई?"

"चष्मा द्यायचाय. पुढच्या बागेत, आजींचा."

"मग जावा की," म्हणाला आणि 'हुर्र' करून मेंढरं बाजूला घेतली.