प्लॉटवरचा ताबा

सिमरोळच्या पुढे, खंडवा रोड सोडून जरा आत, आमचा एक प्लॉट आहे. इंदूरच्या बहुतेक मराठी घरांचा असा एखादा प्लॉट असतो आणि भेटेल तिथे 'मग, घर कधी बांधताय?' असं विचारणारा एक मामाही असतो. आम्ही घर बांधलं नाही, तिथे गाडी नेऊन उभी केली. पीथमपुरात तयार झालेली जुनी ट्रॅव्हलर व्हॅन. आत ओटा, दोन बाकं, एक पलंग. टपावर सोलर पॅनल. सवड मिळाली की आपल्या लहान गाडीतून जायचं, रात्र-दोन रात्री राहायचं आणि परत इंदुरात, रामबागेतल्या घरी. घेतली होती हिंडायला, पण आता ती कुठे जात नाही, आम्हीच तिच्याकडे जातो.

गाडी उभी करायला काय लागतं, असं लोकांना वाटतं. जागा आपली, भाडं नाही, सोसायटीच्या नोटिसा नाहीत. पण खाली माळव्याची काळी माती आहे. 'मालव माटी गहन गंभीर, पग-पग रोटी, डग-डग नीर' हे शेतकऱ्याचं कौतुक झालं. गाडीवाल्याला त्यातलं 'गहन' फार लवकर कळतं. पावसाळ्यात 35-40 इंच पाणी पिऊन ही माती फुगते, मे महिन्यात आक्रसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. म्हणून आधी मुरमाचा जाड थर, त्यावर चाकांखाली फरशा.

आणि निघतानाचा तो एक तास! सहलीतला सगळ्यात गंभीर कार्यक्रम. पाण्याची टाकी रिकामी करायची, नळ उघडे ठेवायचे. सिलिंडर काढून बरोबर न्यायचा. इंजिनच्या बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी करायची. आतल्या दिव्यांची बॅटरी सोलरवर जगते. हँडब्रेक ओढायचा नाही, कारण पावसाळाभर ओढलेला राहिला तर ब्रेक-शू ड्रमला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि चाकांना लाकडी गुटके लावायचे. टायरांवर पोती, नाहीतर उन्हाने रबर तडकतं. सायलेन्सरच्या तोंडात तारेच्या जाळीचा बोळा आणि त्याला लाल चिंधी, म्हणजे पुढच्या वेळी चालू करण्याआधी तो काढायची आठवण राहते. ताडपत्री मात्र मुळीच नको. आत दमट हवा कोंडते आणि गाद्यांना बुरशी धरते.

खाण्याचा तर कणही मागे ठेवायचा नाही. सौ. शेवटी बाकांच्या खाचांतून ब्रश फिरवते, ते मला आधी अती वाटायचं. पण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्याला काहीतरी कुरतडल्याशिवाय गत्यंतर नसतं. बिस्किटाच्या वासाने आत आला की जाताना वायरिंगही चाखून जातो.

एवढा बंदोबस्त करूनही गाडी रिकामी राहते म्हणाल तर नाही. गेल्या पावसाळ्यानंतर दाराच्या चौकटीत कुंभारीण माशीने घर केलेलं सापडलं. सुबक, गोल, मातीचं, वर मडक्यासारखी काठ वळवलेली मान. ती तोंडाने मातीची एकेक गोळी आणते, घर उभं करते, आत पिल्लासाठी बधिर केलेल्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून निघून जाते. प्लॉटवरचं हे पहिलं बांधकाम. ना बिनशेतीचं डायव्हर्शन, ना नकाशा मंजुरी. ते खरवडायचं धाडस मला झालं नाही. त्या बाजूचं दार अजून जपूनच उघडतो.

कागदांना मात्र गाडी उभी आहे की धावते आहे, याच्याशी देणंघेणं नाही. नोंदणीची 15 वर्षं संपली की पुन्हा नोंदणी करायची, मग दर 5 वर्षांनी तेच. चाकं थांबली तरी वय थांबत नाही. विमाही भरतोच, न जाणो कधी रस्त्यावर काढावीशी वाटली तर!

खरा फायदा शेजारच्या पटेल साहेबांना आहे. खरिपात त्यांचं सोयाबीन आमच्या मुरमाला खेटून उभं असतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उपटलेला लसूण सुकायला त्यांना सावली लागते. ती आमच्या गाडीखाली आयतीच मिळते. गाडीवर नजरही तेच ठेवतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. एकदा आम्ही न कळवता पोचलो, तर टपापासून पायरीपर्यंत लसणाच्या जुड्या लटकलेल्या. पटेल साहेब हसत म्हणाले, "भाऊसाब, आने के पेले फोन कर दिया करो, लसन हटाना पडे."

आता फोन करूनच जातो. मार्चमध्ये बहुतेक वेळा उत्तर येतं, पुढच्या आठवड्यात या.