कान्हेरीचा रतनपुरुष

कान्हेरीला लोक लेणी बघायला जातात, पावसाळ्यात धबधब्यात भिजायलाही. मला भाद्रपदात जायचं होतं ते रतनपुरुष बघायला. नाव भारदस्त, झाड मात्र वीतभर.

हे झुडूप बनफशाच्या कुळातलं. सर्दी-खोकल्याच्या काढ्यात पडतो तो बनफशा हिमालयातल्या थंड, ओलसर रानात झाडांच्या सावलीला वाढतो. मुंबईच्या उकाड्यात त्याचा निभाव लागायचा नाही. त्याच्या या भाऊबंदाला मात्र ऊन हवं, मोकळं गवत हवं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये त्याला व्हायोलांमध्येच, म्हणजे बनफशाच्याच प्रजातीत, बसवलं होतं. पुढे अभ्यासकांनी त्याची प्रजात वेगळी केली.

बोरिवली पूर्वेला उतरून राष्ट्रीय उद्यानात शिरले, आतल्या बसने कान्हेरीच्या पायथ्याशी. वाटेत दोन्ही अंगांना करवीची गच्च गर्दी. तिच्या अंधारात रतनपुरुष शोधण्यात अर्थ नव्हता. पायऱ्या चढून लेण्यांच्या वरच्या अंगाला गेले, जिथे काळ्या खडकावर जेमतेम बोटभर माती आणि तिच्यावर गवत असतं. तेरड्याने सगळा उतार गुलाबी केला होता, त्यामुळे नजर सारखी फसायची. ओणवी होऊन गवत चाळत होते, तेवढ्यात काकड्यांची पाटी घेऊन चाललेल्या मावशी थांबल्या.

"काय पडलं का गं, बाई?"

"नाही मावशी, फूल शोधतेय."

"एवढी फुलं आहेत की!"

आणि त्यांच्याच पावलाजवळ ते दिसलं. फुलाला जणू एकच पाकळी, फिकट जांभळी, टोकाशी पसरट, देठाकडे निमुळती. बाकीच्या चार इतक्या बारीक की भिंगाशिवाय त्यांची दखलच घेतली जात नाही. पानं अरुंद, कडेला दाते. शेजारच्या फांदीवर एक बोंड तीन फाकांत उकललं होतं. खरी गंमत या बोंडात आहे. फाका वाळत जातात तशा कडेने आत आवळतात आणि बिया, दोन बोटांत दाबलेल्या चिंचोक्यासारख्या, सटकन दूर उडतात. एका फाकेत दोनच बिया उरल्या होत्या. बराच वेळ टक लावून बसले, पण माझ्यासमोर एकही उडाली नाही.

कुणाला जायचं असेल तर सोमवार टाळा, उद्यान बंद असतं. आणि फूल तोडू नका. राष्ट्रीय उद्यानात तो गुन्हा आहे, शिवाय हातात आलं की ती पाकळी लगेच मलूल होते.